खुब्याच्या ऑपरेशनआधी दुखणं थांबवायला कोणता नर्व्ह ब्लॉक चांगला?

आईंचं वय ७८, बाथरूममध्ये घसरून खुब्याचं हाड मोडलंय, ऑपरेशन परवा आहे आणि डॉक्टरांनी नर्व्ह ब्लॉकची (नसांजवळ औषध टोचून तो भाग बधिर करायचा) फेमोरल, फॅशिया इलियाका, पेंग अशी तीन नावं सांगितलीत, त्यातलं कुठलं निवडावं, असं तुम्ही विचारलंय. मी पुण्यातच भूलतज्ज्ञ आहे. माझं मत विचाराल तर, कोणता ब्लॉक यापेक्षा तो किती लवकर मिळतो हे बघा.

असा पेशंट स्वस्थ पडलेला असतो तोवर निभावतं. जीव जातो तो हलवताना. बेडपॅन सरकवायचं, एक्स-रेच्या टेबलावर घ्यायचं, स्पायनलसाठी, म्हणजे कमरेखाली भूल द्यायला पाठीत इंजेक्शन देण्यासाठी, उठवून बसवायचं. त्यावर ट्रामाडॉल हे कडक वेदनाशामक वाढवत नेलं की उलट्या सुरू होतात, आणि रात्री आजी ‘गॅस चालू राहिलाय, घरी सोडा’ म्हणत उठायला बघतात. ब्लॉक दिल्यावर अर्ध्या तासात हलवतानाचं दुखणं कमी होतं आणि असा भ्रमही कमी होतो, हे २०२० च्या कॉक्रेन आढाव्यातही (अनेक अभ्यास एकत्र तपासून काढलेला निष्कर्ष) आलंय.

फेमोरल जुना आणि सोपा, पण मांडीची ताकद जाते आणि खुब्याच्या सगळ्या नसा त्यात येत नाहीत. फॅशिया इलियाकामध्ये जांघेजवळच्या पडद्याखाली ३०-४० मिली औषध सोडतात. सुई मोठ्या रक्तवाहिनीपासून लांब राहते, म्हणून शिकलेला कॅज्युअल्टीचा डॉक्टरही देऊ शकतो. पेंग २०१८ मधला. सोनोग्राफीत बघत हाडालगत साधारण २० मिली औषध, तेही सांध्याच्या पुढच्या आवरणाकडे जाणाऱ्या बारीक फांद्यांपाशी. पायाची ताकद बहुतेक शाबूत राहते, स्पायनलला बसवणं सोपं जातं. मात्र ऑपरेशनच्या चिरेच्या जागची कातडी त्यात बधिर होत नाही, आणि औषध पसरलं तर मांडी थोडी लुळी पडतेच.

हात बसलेला भूलतज्ज्ञ समोर असेल तर मी पेंग म्हणेन. पण रात्री अकराला कॅज्युअल्टीत फॅशिया इलियाका मिळत असेल, तर पेंगसाठी सकाळपर्यंत कळ काढायला लावू नका.

एकदा दिलेल्या ब्लॉकचा असर बहुधा दिवसभरही पुरत नाही. म्हणून परवापर्यंत पुन्हा देणार की औषध सोडत राहायला बारीक नळी (कॅथेटर) ठेवणार, हे आजच विचारा. सोबत पॅरासिटामॉल ठरल्या वेळेला चालू राहू दे. क्लोपिडोग्रेलसारखी रक्त पातळ करणारी गोळी असेल तर आधी सांगा. आणि दुखणं थांबलं म्हणून तारीख आणखी पुढे ढकलू देऊ नका.