एल्विस प्रेस्लीचे १९५६ चे टीव्ही कार्यक्रम लोक अजून का बघतात?

तुम्ही विचारलंय की एल्विस प्रेस्ली या अमेरिकन रॉक अँड रोल गायकाचे १९५६ सालचे कृष्णधवल टीव्ही कार्यक्रम पाहून अमेरिकेतली आजी-आजोबा मंडळी अजून गहिवरतात, तर त्यांत एवढं आहे काय. आणि आज बघायचे झाले तर सुरुवात कुठून करावी.

माझं मत आधीच सांगून टाकतो. तीच गाणी त्याने पुढे जास्त सफाईने गायली, कपडेही जास्त झगमगीत घातले. पण १९५६ मध्ये हा माणूस दाखवायचा कसा हे टीव्हीवाल्यांना कळत नव्हतं आणि कॅमेऱ्यासमोर किती मोकळं सुटायचं हे त्याला कळत नव्हतं. दर कार्यक्रमात दोघं एकमेकांना चाचपताना दिसतात. जेमतेम वर्षभर हे चाललं. मग दोघेही शहाणे झाले आणि त्यातली गंमत कमी झाली.

आता मी हे कोणत्या अधिकारात बोलतोय? तसा काहीच नाही. आपल्याकडे टीव्ही दिल्लीत आला १५ सप्टेंबर १९५९ ला आणि मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ ला. एल्विसने अमेरिकेबाहेर जाहीर कार्यक्रम केले ते फक्त कॅनडात, तेही १९५७ मध्ये. त्यामुळे आपल्या लोकांपर्यंत तो पोचला रेडिओ सिलोन, तबकड्या आणि इंग्रजी सिनेमा यांच्यामार्फत, आणि बऱ्याच जणांपर्यंत तर शम्मी कपूरच्या मानेच्या झटक्यांमार्फत. (आकाशवाणीचा प्रश्नच नव्हता. तेव्हाचे नभोवाणी मंत्री डॉ. केसकर यांना हिंदी सिनेमाची गाणीसुद्धा सोसवत नव्हती, तिथे मेम्फिसच्या ट्रक ड्रायव्हरचं काय घेऊन बसलात!) मी कॉलेजात असताना आणि नंतरही बरीच वर्षं ऑर्केस्ट्रात ड्रम्स वाजवायचो. गणपतीचे दहा दिवस, लग्नाचे हॉल, कंपन्यांची स्नेहसंमेलनं. आमच्या गिटारवाल्याने कुठून तरी एक झिजलेली व्हिडिओ कॅसेट मिळवली, तिच्यात हे कार्यक्रम होते. तो एल्विसची बोटं बघत होता, मी मागच्या ड्रमरला. ते वेड अजून गेलेलं नाही, म्हणून हे उत्तर.

तारखेने बघितलं तर गोष्ट समजते. २८ जानेवारी १९५६, शनिवार. न्यूयॉर्कमध्ये सीबीएस या वाहिनीवर 'स्टेज शो' नावाचा कार्यक्रम, यजमान टॉमी आणि जिमी डॉर्सी हे भाऊ. दोघेही स्विंगच्या, म्हणजे रॉकच्या आधीच्या नाचाच्या जॅझ संगीताच्या, जमान्यातले बडे बँडवाले. एल्विस २१ वर्षांचा. दोन महिन्यांपूर्वी आरसीए कंपनीने त्याचा करार मेम्फिसच्या सन रेकॉर्ड्सकडून ३५,००० डॉलरला विकत घेतलेला, आणि 'हार्टब्रेक हॉटेल' ही नवी तबकडी आदल्याच दिवशी बाजारात आलेली. देशभर दिसणाऱ्या टीव्हीवर हा पहिलाच प्रसंग. काळा शर्ट, पांढरा टाय, डोळ्यांत भरणारं ट्वीडचं जाकीट. समोर बसलेल्यांना हा कोण हेच माहीत नाही. त्यामुळे पुढच्या सगळ्या कार्यक्रमांत जो किंचाळण्याचा समुद्र ऐकू येतो, तो इथे नाही. थोड्या टाळ्या, थोडं हसू, थोडा गोंधळ. तो मात्र पहिल्या सुरापासून असा तुटून पडतो की जणू दार बंद व्हायच्या आत आत शिरायचंय.

सहा शनिवार मिळून त्याने तिथे गायलं, पहिल्या चार वेळचे प्रत्येकी १,२५० डॉलर. समोरच्या एनबीसी वाहिनीवर गायक पेरी कोमोचा कार्यक्रम असायचा आणि प्रेक्षकसंख्येत तोच पुढे राहायचा. म्हणजे आज ज्याला ऐतिहासिक वगैरे म्हणतात ते बहुतेक घरांत तेव्हा लागलेलंच नव्हतं. ११ फेब्रुवारीचा भाग जरूर बघा. त्यात 'हार्टब्रेक हॉटेल'ला त्याच्या स्वतःच्या वादकांबरोबर डॉर्सींचा अख्खा ऑर्केस्ट्रा साथीला दिलाय आणि मध्येच चार्ली शेव्हर्सचा ट्रम्पेट येतो. वादक अव्वल, पण गाण्याशी त्याचं काही देणंघेणं नाही. एल्विस बिचारा त्या वेळात काय करावं ते न कळून उभा. मार्चमध्ये तो परत आला तेव्हा आपल्या माणसांनिशीच वाजवलं आणि गाणं एकदम उभं राहिलं. एका जमान्याने दुसऱ्याला जागा करून देण्याचा हा प्रकार इतका उघडा क्वचितच दिसतो. टॉमी डॉर्सी त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये गेला, जिमी पुढच्या जूनमध्ये.

एप्रिलमध्ये विनोदी नट मिल्टन बर्लचा कार्यक्रम, सॅन डिएगोला 'हॅनकॉक' या विमानवाहू जहाजाच्या डेकवरून. त्यात बर्ल एल्विसचा जुळा भाऊ 'मेल्विन' बनून येतो. जुन्या पद्धतीचा विनोद आहे, पुढे ढकललात तरी चालेल.

खरा बार उडाला ५ जूनला, बर्लच्याच दुसऱ्या कार्यक्रमात. 'हाउंड डॉग' अजून रेकॉर्डही झालेलं नव्हतं आणि त्या दिवशी त्याच्या गळ्यात गिटार नव्हती. गिटार ही लपायची जागा असते हो, हे स्टेजवर उभं राहिलेल्या कुणालाही विचारा. ती काढल्यावर हातांचं काय करायचं? त्याने माइकचा स्टँड धरला आणि बाकीचं पायांवर सोपवलं. गाणं संपलं असं वाटतं, आणि तेवढ्यात ते निम्म्या लयीत परत सुरू होतं. एकेक शब्द ओढत, गुडघे आत वळवत, कंबर हलवत. इथे डोळे मागच्या ड्रमरवर, डी. जे. फॉन्टानावर ठेवा. हा माणूस श्रीव्हपोर्टच्या नाइटक्लबात कपडे उतरवणाऱ्या नर्तकींच्या मागे वाजवून तयार झालेला. आपल्याकडे ढोलकीवाला जसा नाचणारीच्या पायावर नजर ठेवून तुकडा टाकतो, अगदी तसं त्याचं काम. एल्विसचा खांदा उडाला की ठेका, गुडघा वळला की ठेका, हात खाली आला की झांज. मोजून बसवलेलं यात काही नाही, सगळं बघून वाजवलेलं. मी ती दोन मिनिटं इतक्या वेळा मागे-पुढे केलीत की कॅसेटवर तिथेच ओरखडा पडला. कडव्यांच्या मधला तो बंदुकीच्या फैरीसारखा रोल जमवायला माझ्या मनगटांचे हाल झाले ते वेगळंच.

दुसऱ्या दिवसापासून वर्तमानपत्रं, पाद्री, पालक सगळे तुटून पडले. 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या जॅक गूल्डने तर त्याला गाता येतच नाही असा निकाल दिला. 'एल्विस द पेल्विस' (पेल्विस म्हणजे कमरेचा भाग) हे नावही तेव्हा सगळीकडे झालं, आणि ते त्याला अजिबात आवडत नसे.

मग १ जुलै. एनबीसीवरच्या यजमान स्टीव्ह ॲलनने ठरवलं की याला जंटलमन करू. शेपटीचा काळा कोट, पांढरा बो-टाय, आणि 'हाउंड डॉग' गायचं ते स्टुलावर बसवलेल्या एका खऱ्या बॅसेट हाउंडसमोर. कुत्र्याच्या डोक्यावरही हॅट. बघताना आपल्यालाच ओशाळल्यासारखं होतं. पण पोरगं चिडत नाही, कुत्र्याला कुरवाळतं, मुका घेतं, निभावून नेतं. त्याच रात्री हाय गार्डनर या पत्रकाराने त्याची फोनवर मुलाखत घेतली, पडद्याचे दोन भाग करून दोघांना दाखवलंय. जड झालेले डोळे, संथ दक्षिणी बोलणं, आणि आपण काही वाईट करतोय असं आपल्याला वाटत नाही हे प्रांजळ उत्तर. नाचगाण्यापेक्षा मला ही मुलाखत जास्त जवळची वाटते. आणि दुसऱ्याच दिवशी स्टुडिओत जाऊन या बहाद्दराने 'हाउंड डॉग'चे ३१ टेक दिले. आदल्या रात्रीचा राग तिथे निघाला असावा असा माझा आपला अंदाज.

ॲलनने त्या रविवारी त्याच वेळी सीबीएसवर कार्यक्रम करणाऱ्या एड सलिव्हनला प्रेक्षकसंख्येत मागे टाकलं. सलिव्हन तोवर सांगत होता की हा माणूस माझ्या मंचावर नको. आकडे आले आणि तत्त्वं गुंडाळली. तीन कार्यक्रमांचे ५०,००० डॉलर. पहिला ९ सप्टेंबर १९५६ ला. सलिव्हन स्वतः मोटार अपघातात जायबंदी, म्हणून न्यूयॉर्कमध्ये यजमान म्हणून नट चार्ल्स लॉटन, आणि एल्विस हॉलिवूडच्या स्टुडिओतून. सुमारे ६ कोटी लोकांनी पाहिलं, त्या वेळी चालू असलेल्या टीव्हींपैकी ८२.६ टक्के याच कार्यक्रमावर होते.

तुमच्या 'गहिवर' या शब्दाचं मूळ माझ्या मते इथे आहे. घरात एकच टीव्ही, रविवारची रात्र, आईबाप, आजी, भावंडं एकाच खोलीत. बारा-तेरा वर्षांची मुलगी जमिनीवर बसून किंचाळतेय, मागे बाप पेपरच्या आडून गुरगुरतोय, आई काही बोलत नाहीये पण बघतेय. त्या मुली आज ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांना एल्विस आठवतो, तशी ती खोलीही आठवते, आणि तिच्यातली बाकीची माणसं आता नाहीत. आपल्याकडे 'छायागीत' आणि शनिवार-रविवारच्या सिनेमाबद्दल बोलताना माणसं हळवी होतात ती काही फक्त गाण्यांसाठी होत नाहीत.

सलिव्हनने त्याला कमरेच्या वरच दाखवला, हे तुम्ही ऐकलं असेलच. अर्धं खरं आहे. पहिल्या दोन कार्यक्रमांत पाय व्यवस्थित दिसतात. कमरेला कात्री लागली ती तिसऱ्यात, ६ जानेवारी १९५७ ला, म्हणजे सहा कोटी लोकांनी सगळं बघून झाल्यावर! त्यामुळे झालं भलतंच. पडद्यावर नुसता चेहरा, आणि एकदम मुली किंचाळतात. खाली काय झालं असेल याचा विचार घरोघरचे लोक करत बसले. त्याच रात्रीचं 'डोन्ट बी क्रुएल' नीट ऐका. त्यात तो 'टेलिफोन' शब्द मुद्दाम ठासून 'टेल्लिफोन' असा म्हणतो आणि बोटं नाचवतो. ही नक्कल जॅकी विल्सन या कृष्णवर्णीय गायकाची. विल्सनला त्याने लास व्हेगासमध्ये आपलंच गाणं आपल्यापेक्षा भारी गाताना पाहिलं होतं आणि मित्रांना तसं मोकळेपणाने सांगितलंही होतं. शेवटी 'पीस इन द व्हॅली' हे भजन, आणि मग सलिव्हनचं जाहीर प्रमाणपत्र की मुलगा सज्जन आहे. चाचपणी संपली ती इथे.

स्मरणरंजनात एक गोष्ट मात्र सोयीस्करपणे गाळली जाते, ती सांगतोच. 'हाउंड डॉग' आधी गायलं बिग मामा थॉर्न्टन या गायिकेने, आणि एल्विसची पहिलीच तबकडी 'दॅट्स ऑल राइट' ही आर्थर क्रूडपची चीज. दोघंही कृष्णवर्णीय. एल्विस हे लपवत नव्हता. पण ज्या टीव्हीने त्याच्यासाठी ५०,००० मोजले, त्याच टीव्हीवर नोव्हेंबर १९५६ मध्ये नॅट किंग कोलचा स्वतःचा कार्यक्रम सुरू झाला आणि कृष्णवर्णीय गायकाच्या नावावर देशपातळीवरचा प्रायोजक पुढे येईना म्हणून वर्षभरात बंद पडला. कोलइतका सभ्य, सुटाबुटातला, सुरेल माणूस शोधून सापडला नसता. म्हणजे भीती फक्त कमरेची नव्हती.

चित्र धूसर का, हेही तुम्हाला पडेल म्हणून सांगतो. कार्यक्रम थेट जायचे. व्हिडिओ टेप टीव्ही कंपन्यांच्या वापरात यायला १९५६ चं वर्षअखेर उजाडलं. जतन करायचं तर स्टुडिओतल्या पडद्यासमोर फिल्मचा कॅमेरा लावून पडद्याचंच चित्रण करत, त्याला किनेस्कोप म्हणतात. म्हणून कडा विरघळल्यासारख्या आणि पांढरे रंग फटफटीत. हल्ली कुणी कुणी त्यांना रंग चढवून, चेहरे गुळगुळीत करून टाकतात. त्यांच्या वाटेला जाऊ नका, ट्वीडच्या जाकिटाची पार रया जाते.

क्रम असा धरा: २८ जानेवारीचा 'स्टेज शो', मग ११ फेब्रुवारी आणि मार्चमधलं 'हार्टब्रेक हॉटेल' लागोपाठ, मग ५ जून, मग कुत्रा आणि त्याच रात्रीची मुलाखत, मग सलिव्हनचे तीन. ५ जूनच्या आधी थॉर्न्टनचं मूळ 'हाउंड डॉग' एकदा ऐकून घ्या. चटक लागलीच तर डिसेंबर १९६८ चा एनबीसीचा खास कार्यक्रम बघा. त्यात काळ्या चामड्याच्या कपड्यातला एल्विस गोलात बसून जुन्या साथीदारांबरोबर वाजवतो. बास वाजवणारा बिल ब्लॅक १९६५ मध्येच वारला होता, पण गिटारवर स्कॉटी मूर आहे आणि फॉन्टाना आहे, ड्रम्स नसल्यामुळे गिटारच्या पेटीवर काठ्या आपटत. ठेका सुईच्या टोकाइतकाही हललेला नाही. सिनेमे मात्र बघू नका, निदान १९६० नंतरचे तरी नकोच.