सकाळी दुखणारं डोकं आणि रात्री आवळलेले दात

प्रश्न : माझं वय ३६. वर्षभर झालं, सकाळी उठते तीच जड डोक्यानं. दोन्ही कानशिलं ठणकतात, अकरापर्यंत ओसरतात. चष्म्याचा नंबर तोच आहे, रक्तदाबही ठीक. आठवड्यातून चार-पाच दिवस तरी गोळी घेते. जांभई देताना डाव्या कानापाशी ‘कट्’ असा आवाज येतो. नवरा म्हणतो, मी झोपेत दात खाते. जाऊबाई म्हणतात, अक्कलदाढ काढून टाक, डोकं थांबेल. काढू का?

उत्तर : अक्कलदाढ सध्या राहू द्या. तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात मोलाचं वाटलेलं वाक्य तुम्ही जाता जाता लिहून गेलात : झोपेत दात खाते.

आत्ता एक करून पाहा. बोटं कानशिलांवर ठेवा आणि दाढा घट्ट आवळा. बोटांखाली काहीतरी टरारून वर येतं ना? तो चावण्याचा स्नायू. डोक्याच्या बाजूला पंख्यासारखा पसरलेला असतो आणि खाली येऊन खालच्या जबड्याला धरतो. रात्री झोपेत तुम्ही तो पुन्हा पुन्हा आवळत असाल, तर दिवसभर ओझी वाहिल्यावर दंड भरून यावेत तसा सकाळी तो भरून येणार. दिवस चढेल तसा सैल पडतो. तुमचं अकरा वाजताचं ओसरणं मला त्याच वाटेवरचं दिसतं.

दुसरं कारण नसांचं. दात, जबड्याचा सांधा, कानशील, कपाळ, इतकंच काय मेंदूवरच्या आवरणाचा बराच भाग, या सगळ्यांच्या वेदना एकाच नसेतून आत जातात. तिचं नाव ट्रायजेमिनल. त्यामुळे कळ कुठून निघाली हे ओळखताना मेंदूची गफलत होते. तडकलेली दाढ डोकं दुखवते, आणि उलट अर्धशिशी कधीकधी दाढेत जाणवते. म्हणूनच मी दाढा काढायची घाई करत नाही. एक गृहस्थ माझ्याकडे आले तेव्हा दुसरीकडे त्यांच्या दोन दाढा काढून झाल्या होत्या. कळ विजेसारखी, दात घासताना यायची, आणि दाढा गेल्यावरही तशीच राहिली. दुखणं त्या नसेचंच होतं. औषधांनी आराम पडला. दाढा मात्र परत आल्या नाहीत, आणि याचं मला आजही वाईट वाटतं.

आता आरशासमोर उभ्या राहा. जिभेच्या कडेवर दातांचे ठसे, गालाच्या आतून पांढरी रेघ, सुळ्यांची टोकं झिजून सपाट : यातलं काही दिसलं तर दात आवळण्याचा संशय बळावतो. तीन बोटं एकावर एक धरून समोरच्या दातांमध्ये मावतात का, तेही पाहा. मावत असतील आणि त्या ‘कट्’ला दुखत नसेल, तर आवाजाची काळजी सोडा. तोंड अडकायला लागलं तर दाखवा.

दिवसा एकच नियम : ओठ मिटलेले, दात सुटे. एरवी वरचे-खालचे दात एकमेकांना टेकलेलेच नसावेत. फोन हाती घेताना, भाजी चिरताना स्वतःला पकडा. बहुतेकांचे दात तेव्हा आवळलेलेच सापडतात. झोपण्याआधी कानशिलं आणि गाल पंधरा मिनिटं कोमट शेका. च्युइंग गम बंद. दंतवैद्याकडून मापाचा नाइट गार्ड, म्हणजे रात्री दातांवर घालायचं कवच, करून घेता येईल. तो दात झिजण्यापासून वाचवतो, काहींचं दुखणंही कमी होतं, पण दात खाण्याची सवय तो मोडत नाही. चावा जुळवण्यासाठी दात घासून कमी करायला कुणी सांगितलं तर नको म्हणा. घोरत असाल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. नैराश्यावरच्या काही गोळ्यांनीही दात खाणं वाढतं. अशी गोळी चालू असेल तर मनानं बंद मात्र करू नका.

मला खरी धास्ती वाटते ती तुमच्या डोकेदुखीच्या गोळ्यांची. आठवड्याला चार-पाच म्हणजे महिन्याला सोळा ते वीस दिवस. साधी वेदनाशामकं महिन्यात पंधरा किंवा जास्त दिवस, अशी तीन महिन्यांहून अधिक काळ घेतली, की त्या गोळ्याच डोकेदुखी टिकवून धरू शकतात. काही मिश्र गोळ्यांना तर दहा दिवसही पुरतात. गोळीचं नाव डॉक्टरांना दाखवून ती कशी कमी करायची ते ठरवा. हे काम दाढेच्या आधी करा.

तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी एक सांगते. पन्नाशीनंतर नव्यानं डोकं दुखू लागलं, चावताना जबडा थकला, केस विंचरताना टाळू दुखली किंवा अंधुक दिसलं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. रक्तवाहिनीला सूज असू शकते आणि उशीर झाला तर दृष्टी जाऊ शकते.

आणि अक्कलदाढ? ती किडली असेल, तिच्या हिरडीला वारंवार सूज येत असेल किंवा शेजारच्या दाढेला इजा करत असेल, तर काढावी. एक्स-रे काढा, दोन आठवडे सकाळच्या दुखण्याची आणि गोळ्यांची नोंद ठेवा, आणि ती वही दंतवैद्यापुढे ठेवून मग दाढेचं ठरवा.