आजीच्या पाटल्या मोडून राणीहार करावा का?

प्रश्न: "माझे वय २८ असून मी पुण्यात नोकरी करते. दरमहा ५२,००० रुपये हातात येतात आणि ३,५०,००० रुपये मुदत ठेवीत आहेत. लग्न पाच महिन्यांवर आले आहे. मंगळसूत्र सासरकडून येणार आहे, बाकीचे दागिने आमच्याकडून. राणीहार, ठुशी, तन्मणी, नथ, बाजूबंद आणि तोडे असे सगळे सोन्यातच व्हावे, अशी आईची इच्छा आहे. सराफांनी ८,५०,००० रुपयांचा अंदाज दिला आहे. वडील २,००,००० रुपये देऊ शकतात. माझी सराफांकडे ११ महिन्यांची सोनेखरेदीची योजना चालू असून ५,००० रुपयांचे आठ हप्ते भरून झाले आहेत. आजीने मला दिलेल्या, तिच्या १९६५ च्या लग्नातल्या साडेतीन तोळ्यांच्या पाटल्या आणि एक बोरमाळ घरात आहे. मुदत ठेव मोडावी, पाटल्या मोडाव्यात की ४,००,००० रुपयांचे वैयक्तिक कर्ज काढावे?"

तुम्ही विचारलेल्या तिन्ही पर्यायांना माझे उत्तर नकारार्थी आहे. मात्र त्याची कारणे तीन वेगवेगळी आहेत आणि त्यांपैकी पाटल्यांचे कारण सर्वांत महत्त्वाचे असल्याने त्याकडे सावकाश वळू.

आधी तुमच्या आईच्या यादीकडे पाहू. मराठी लग्नात विधीसाठी ज्या वस्तू खरोखर लागतात त्या एकत्र मांडल्या, तर एक गोष्ट लक्षात येते: त्यांतल्या बहुतेक स्वस्त आहेत. मुंडावळ्या मोत्यांच्या किंवा फुलांच्या असतात, हिरवा चुडा काचेचा असतो, मंगळसूत्रात सोने वाट्यांपुरते असले तरी चालते आणि त्याचा प्राण काळ्या मण्यांत मानला जातो, तर जोडवी चांदीचीच घालायची, कारण कमरेखाली सोने वापरू नये असा संकेत आहे. राणीहार, बाजूबंद आणि तन्मणी यांना शोभा आहे, घराण्याची ओळख आहे, हौसही आहे, परंतु त्यांच्यावाचून कोणताही विधी अडत नाही. हौसेला मोल नसते असे आपण म्हणतो. सल्लागार म्हणून मला मात्र ते मोल काढावेच लागते.

मग सोने कशासाठी दिले जात होते? लेकीच्या अंगावर घातलेले सोने हे तिचे स्त्रीधन होते. ज्या काळात तिच्या नावावर जमीन नसे आणि बँकेत खाते नसे, त्या काळात अडीअडचणीला तिच्या हाताशी राहणारा तेवढाच एक ठेवा होता. पाटल्या आणि गोठ यांसारखे हातातले दागिने भरीव व कमी नक्षीचे घडवले जात त्याचे एक कारण हेच असावे, असे मला वाटते: वजन जास्त, घडणावळ कमी, आणि गहाण टाकताना किंवा मोडताना नुकसान थोडे. म्हणजे परंपरेतच दोन प्रकारचे दागिने आहेत, एक ठेव म्हणून आणि एक मिरवण्यासाठी. तुमच्या अंदाजपत्रकात हे दोन्ही एकाच भावाने सोन्यात धरले गेले आहेत, आणि खर्च फुगला आहे तो तेथेच.

हे आकड्यांत पाहू. भाव रोज बदलतो, म्हणून हिशेबाच्या सोयीसाठी २२ कॅरेटचा भाव ग्रॅमला १०,००० रुपये धरतो. ५० ग्रॅमच्या राणीहारात ५,००,००० रुपयांचे सोने असेल. नक्षीकामामुळे घडणावळ १४ टक्के धरली तर ७०,००० रुपये वाढतात आणि ५,७०,००० रुपयांवर ३ टक्के जीएसटी १७,१०० रुपये होतो. तुम्ही ५,८७,१०० रुपये द्याल आणि दुसऱ्या दिवशी हार मोडायला नेला, तर सराफांनी काहीही कपात न करता पूर्ण भाव दिला तरी ५,००,००० रुपयेच परत येतील. सोन्याचा भाव सुमारे साडेसतरा टक्के वाढेल तेव्हा कुठे तुम्ही मूळ रकमेवर याल. लग्नानंतर वर्षातून एखाद्या वेळी लॉकरमधून बाहेर येणाऱ्या दागिन्याला गुंतवणूक म्हणणे मला तरी जमत नाही.

कर्जाबद्दल लांबण लावत नाही. ४,००,००० रुपये १३ टक्के व्याजाने चार वर्षांसाठी घेतले तर हप्ता सुमारे १०,७३० रुपये येतो आणि एकूण व्याज सुमारे १,१५,००० रुपये होते. घडणावळ आणि कर ज्या दिवशी दिले त्याच दिवशी बुडाले, त्यावर पुन्हा चार वर्षे व्याज द्यायचे, आणि तेही संसाराच्या पहिल्या चार वर्षांत, जेव्हा घराची अनामत रक्कम, सामानसुमान आणि कदाचित बाळाचा खर्च समोर असेल. ऋण काढून सण करू नये असे सांगणाऱ्या घरांतच लग्नासाठी मात्र हा नियम बाजूला ठेवला जातो, हे मी अनेकदा पाहिले आहे.

मुदत ठेव मोडू नका, याचे कारण तिचे व्याज हे नव्हे. तुमचा महिन्याचा खर्च ३०,००० रुपये आहे असे मानले, तर सहा महिन्यांचा राखीव निधी १,८०,००० रुपयांचा हवा. उरलेले १,७०,००० रुपये लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात, नोकरी किंवा गाव बदलावे लागले तर, तुमच्या स्वतःच्या निर्णयाचे स्वातंत्र्य टिकवतील. स्त्रीधनाचा मूळ हेतू सांभाळायचा असेल तर आज ही ठेवच त्याला अधिक जवळची आहे.

आता पाटल्या. आजीच्या तोंडचे साडेतीन तोळे आणि आजच्या दुकानातले साडेतीन तोळे एक नाहीत. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, आज बाजारात मात्र १० ग्रॅमला तोळा म्हणतात. आजीचा आकडा बरोबर असेल तर पाटल्या सुमारे ४०.८ ग्रॅमच्या असतील, म्हणून कोणाशीही बोलणी करण्यापूर्वी त्या तुमच्यासमोर वजन करून घ्या. दुसरा प्रश्न कसाचा, म्हणजे शुद्धतेचा आहे. सुवर्ण नियंत्रणाच्या धोरणाखाली १९६३ मध्ये १४ कॅरेटपेक्षा अधिक कसाचे दागिने घडवण्यास मनाई झाली होती आणि १९६६ मध्ये ती उठली. १९६५ च्या लग्नातले दागिने याच काळातले आहेत, मात्र पाटल्या आणखी जुन्या सोन्याच्याही असू शकतात, पिढीजात आलेल्याही असू शकतात. त्यांच्यावर हॉलमार्क (शुद्धतेची अधिकृत खूण) नसणार, त्यामुळे कॅरेटमीटरवर (कस मोजणाऱ्या यंत्रावर) तपासल्याशिवाय अंदाज बांधण्यात अर्थ नाही.

समजा कस २० कॅरेट निघाला. मग ४०.८ ग्रॅमचे २२ कॅरेटच्या हिशेबाने ३७.१ ग्रॅम होतील आणि वितळवताना २ टक्के घट धरली तर सुमारे ३६ ग्रॅम हाती राहतील. येथवर सराफांनी लबाडी केली असे समजू नका, कारण कसाचा फरक हा खराच फरक आहे. पण याच ३६ ग्रॅमचा नवा हार घडवला तर १४ टक्के घडणावळीचे ५०,४०० रुपये आणि ४,१०,४०० रुपयांवरचा जीएसटी १२,३१२ रुपये, असे मिळून जवळजवळ ६२,७०० रुपये तुम्ही रोख मोजाल आणि बदल्यात सोने एक गुंजही वाढणार नाही. शिवाय जुना दागिना देऊन नवा घेणे ही प्राप्तिकराच्या दृष्टीने जुन्याची विक्रीच असते. वारशाने किंवा भेट म्हणून आलेल्या इतक्या जुन्या सोन्यात भांडवली नफा मोठा निघतो आणि दीर्घकालीन नफ्यावर १२.५ टक्के दराने कर लागतो. सराफांच्या अंदाजपत्रकात ही ओळ कधीच नसते. मोडायची वेळ आलीच तर ती आजारपणात किंवा घर घेताना यावी, छायाचित्रांसाठी येऊ नये.

बोरमाळेचे तर मोडून काहीच साधणार नाही. तिचे मणी पोकळ असतात आणि बहुधा आत लाख भरलेली असते, त्यामुळे वजनकाट्यावर दिसणारा आकडा सगळा सोन्याचा नसतो. मोड म्हणून ती निराशा करील. गळ्यात मात्र ती आजच्या कोणत्याही नव्या हारापेक्षा उठून दिसेल.

म्हणून माझा आराखडा असा आहे. वडिलांचे २,००,००० रुपये आणि योजनेचे ५५,००० रुपये, एवढ्यातच सोने घ्यावे. हात आजीच्या पाटल्यांनी भरलेले आहेतच आणि हिरवा चुडा पाटल्यांसोबत घालण्याचीच रीत आहे, तेव्हा तोडे वगळावेत. गळ्यासाठी आईच्या यादीतली ठुशी घ्यावी, कारण सणावाराला, कार्यालयातल्या समारंभाला आणि साध्या सुती साडीवरही ती घालता येते. २० ग्रॅमच्या ठुशीला १२ टक्के घडणावळ धरली तर २,२४,००० रुपये आणि त्यावर जीएसटी ६,७२० रुपये, असे २,३०,७२० रुपये होतात. उरलेल्या २४,२८० रुपयांत नथ, चांदीची जोडवी आणि पैंजण बसवावेत. पैंजणांसाठी कोल्हापूर जिल्ह्यातल्या हुपरीचे काम मिळाले तर पाहा, चांदीच्या कामात त्या गावाचा हात चांगला आहे.

राणीहार आणि बाजूबंद सोन्याचा मुलामा दिलेल्या चांदीचे घ्यावेत किंवा दोन दिवसांसाठी भाड्याने आणावेत. बाजारात 'वन ग्रॅम' म्हणून जे मिळते त्यात एक ग्रॅम सोने असते असा गैरसमज करून घेऊ नका. तो नुसता मुलामा असतो, त्यामुळे पुढे त्याची काही किंमत येईल अशी अपेक्षा ठेवू नये. तन्मणी विकत घेण्यापूर्वी मावशी, काकू आणि आत्या यांच्याकडे विचारा. पूर्वी घराण्यांत तन्मणी आणि चिंचपेटी एका लग्नातून दुसऱ्या लग्नात फिरत असत आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नसे. विकतच घ्यायचा झाला तर आजचे मोती बहुतेक संवर्धित, म्हणजे शिंपल्यांत मुद्दाम वाढवलेले असतात, जुन्या नैसर्गिक बसरा मोत्यांची गोष्ट वेगळी होती. मोत्यांना फेरविक्रीत जवळजवळ काहीच मिळत नाही, म्हणून तो खर्च सरळ हौसेच्या खाती लिहावा.

योजनेचे उरलेले तीन हप्ते भरा आणि मुदत संपताच खरेदी करा. अशा योजना ११ महिन्यांच्या असतात त्यामागे कायद्याची मर्यादा आहे: मालासाठी घेतलेली आगाऊ रक्कम ३६५ दिवसांच्या आत मालात वळली नाही तर ती ठेव ठरते. बँकेतल्या ठेवीला असते तसे विम्याचे संरक्षण येथे नाही. पेढी बंद पडली तर तुम्ही रांगेतल्या इतर घेणेकऱ्यांपैकी एक असता. त्यामुळे ही संपली की दुसरी सुरू करू नका. पुढे सोन्यात गुंतवणूक करावीशी वाटली तर गोल्ड ईटीएफ, म्हणजे शेअर बाजारात खरेदी-विक्री होणारा सोन्याचा फंड आहे. सार्वभौम सुवर्ण रोख्यांची (सोन्याच्या भावाशी जोडलेल्या सरकारी रोख्यांची) नवी विक्री फेब्रुवारी २०२४ नंतर झालेली नाही.

खरेदीच्या वेळी ठुशीवर बीआयएसचे (भारतीय मानक ब्युरोचे) चिन्ह, २२के९१६ हा कस आणि सहा अक्षरांकांचा एचयूआयडी (त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक) पाहा, आणि तो क्रमांक बीआयएस केअर अॅपवर दुकानातच तपासा. १ एप्रिल २०२३ पासून या क्रमांकाशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. नथ मात्र दोन ग्रॅमपेक्षा हलकी असेल तर हॉलमार्कची सक्ती नाही, म्हणून तिच्या पावतीवर मोत्यांचे व खड्यांचे वजन वेगळे आणि सोन्याचे निव्वळ वजन वेगळे लिहून घ्या. पुष्कळ ग्राहक खड्यांनाही सोन्याचा भाव देऊन येतात. वडिलांनी त्यांची रक्कम धनादेशाने किंवा ऑनलाइन द्यावी, कारण दोन लाख किंवा त्याहून अधिक रक्कम दुकानदाराला रोखीने स्वीकारता येत नाही. पावती तुमच्या नावावर हवी.

एक काम आईला अवघड वाटेल, पण ते टाळू नका. हुंडा प्रतिबंधक कायदा १९६१ चा असून १९८५ च्या नियमांनुसार वधूला व वराला मिळालेल्या भेटींची यादी ठेवावी लागते. दागिना, वजन, कोणी दिला आणि अंदाजे किंमत असे लिहून त्या यादीवर सह्या घ्या. दागिने तुमचे स्त्रीधन आहेत आणि ते सर्वस्वी पत्नीचेच असते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्येच स्पष्ट केले आहे. तेव्हा लग्नानंतर लॉकर तुमच्या नावाने घ्या. बँकेच्या चुकीने, चोरीने किंवा आगीने नुकसान झाले तरी तिची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या १०० पटींपर्यंतच असते. भाडे ३,००० रुपये असेल तर जास्तीत जास्त ३,००,००० रुपये, आणि आजच्या भावात तेवढी किंमत आजीच्या पाटल्यांतच सहज भरेल. म्हणून दागिन्यांचा वेगळा विमा उतरवण्याची चौकशी करा.

पाटल्या लग्नाआधी उजळायला देऊ नका, घासून उजाळा देताना थोडे सोने जाते. रिठ्याच्या कोमट पाण्यात भिजवून मऊ दातब्रशने घरीच स्वच्छ करा. बोरमाळ मात्र गरम पाण्यात घालू नका, मण्यांतली लाख मऊ होऊन त्यांचा आकार बिघडतो. ती ओल्या मऊ कापडाने पुसावी आणि दोरा जुना झाला असेल तर मंगलाष्टकांच्या आधीच पटवेकऱ्याकडून (दागिने दोऱ्यात गाठवणाऱ्या कारागिराकडून) नव्याने गाठवून घ्यावी.