कोंडून ठेवण्याआधी डॉक्टरांना दाखवा

प्रिय ताई,

तुमचं पत्र वाचलं. तुमचा नवरा बरीच वर्षं रोज दारू पितो, आता स्वतःहून ‘सोडतो’ म्हणालाय. चार दिवस खोलीत कोंडून, बाहेर कुणाला कळू न देता हे उरकायचं, असं सासूबाईंनी ठरवलंय. मागच्या खेपेला दारू बंद केल्यावर दुसऱ्याच दिवशी त्याला फिट आली होती, हे तुम्ही शेवटी ओझरतं लिहिलंय. ते वाचून मला काळजी वाटली.

ताई, कोंडू नका. आधी डॉक्टर, मग दारू बंद.

दारू मेंदूला मंद करते. रोजच पीत राहिलं की मेंदू उलट बाजूने जोर लावून काम करायला लागतो. दारू एकदम तुटली तरी हा जोर लगेच ओसरत नाही. म्हणून शेवटच्या घोटानंतर ६ ते ८ तासांत हात थरथरायला लागतात, घाम फुटतो, उलट्या होतात. पहिल्या ४८ तासांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी काही जण भ्रमात जातात: अंगावर नसलेले किडे झटकतात, घरच्यांना ओळखत नाहीत, ताप चढतो. उपचार मिळाले नाहीत तर यात माणूस दगावू शकतो. आधी फिट येऊन गेलेल्याला धोका जास्त, त्यामुळे याला भरती करूनच दारू सोडवावी, असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे दारूऐवजी मेंदू शांत ठेवणारं औषध देऊन त्याचा डोस हळूहळू उतरवतात, बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं देतात.

नात्यातल्या मुलाने गर्द (ब्राउन शुगर, म्हणजे हेरॉईनचा प्रकार) घरीच सोडली, असं सासूबाई सांगतात. गर्दच्या टर्कीत, म्हणजे नशा तुटल्यावर होणाऱ्या त्रासात, हाल फार होतात, पण जीव सहसा जात नाही. तिथे खरा धोका नंतरचा: शरीराची ती नशा सोसायची सवय मोडलेली असते आणि पुन्हा जुन्याच मापाने घेतलं की श्वास बंद पडू शकतो. तो दाखला इथे लावू नका.

डॉक्टरांकडे जाईपर्यंत त्याची दारू एकदम तोडू नका. हे लिहिताना मलाही जड जातंय, पण आज तेच सुरक्षित आहे. घरातल्या झोपेच्या गोळ्या मनाने देऊ नका. तो त्या आधीपासून घेत असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा, कारण त्या अचानक थांबवल्या तरी फिट येऊ शकते. फिट आली तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका आणि थेट दवाखाना गाठा. तो असंबद्ध बोलायला लागला तरी थांबू नका.

सासूबाईंना अब्रूची धास्ती आहे, ते समजतं. त्यांना मागच्या फिटची आठवण करून द्या. आणि नवऱ्याशी उद्या सकाळीच बोला, तो स्वतः तयार आहे तोवर.

तुमची,
ताई