वाचकांचे प्रश्न : बेटावरची बाई, साथ आणि कागदावरचे नाव

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे एकाच विषयाची आहेत. खाडी किंवा समुद्र ओलांडल्याखेरीज ज्यांचा बाजार, दवाखाना किंवा महाविद्यालय गाठता येत नाही, अशा गावांतील स्त्रिया आणि मुली कोविडच्या साथीत कशा अडकल्या आणि पुढच्या वेळी त्या अडकू नयेत म्हणून आताच काय करता येईल, हे वाचकांनी विचारले आहे. मुंबई स्वतःच सात बेटांची बनलेली असल्यामुळे हा विषय आपल्यासाठी परका नाही. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : टाळेबंदीत आमच्या गावातील मासळी विकणाऱ्या बायकांचा धंदा पार बसला. पुरुषांच्या होड्या काही दिवसांनी पाण्यात गेल्या, आम्हाला मात्र बाजारापर्यंत पोचता येईना. नंतर सक्षमीकरणाची शिबिरे झाली, शिवणकाम शिकवले, मेणबत्त्या करायला शिकवल्या. पुन्हा अशी साथ आली तर आम्हाला खरोखर उपयोगी पडेल असे काय आहे? — एक भगिनी, मनोरी

उत्तर : ताई, आपण सांगितलेला क्रम तारखांनिशी पाहिला की अडचण नेमकी कोठे होती ते कळते. देशभर टाळेबंदी लागली ती २५ मार्च २०२० पासून. सागरी मासेमारीला केंद्रीय गृहमंत्रालयाने सूट दिली १० एप्रिलला. मुंबईची लोकल पुन्हा धावू लागली १५ जूनला, पण ती केवळ अत्यावश्यक सेवेतील, ओळखपत्र असलेल्या कर्मचाऱ्यांसाठी. सर्वसाधारण स्त्रियांना तिच्यात प्रवेश मिळाला २१ ऑक्टोबरला, तोही गर्दीच्या वेळा वगळून. म्हणजे मासळी पकडण्याची मुभा आणि ती मासळी पाटीत घालून उपनगरात नेणाऱ्या बाईला मिळालेली मुभा यांत सहा महिन्यांहून अधिक अंतर पडले. मासळी हे नाशवंत खाद्य म्हणून अत्यावश्यक ठरले, परंतु ससून डॉक किंवा भाऊच्या धक्क्यावरच्या लिलावातून ती घेऊन गिऱ्हाइकाच्या दारापर्यंत पोचवणारी व्यक्ती अत्यावश्यक ठरली नाही, कारण तिच्या कामाची नोंद असलेला एकही कागद तिच्याजवळ नव्हता.

होडीची नोंदणी असते आणि तांडेल-खलाशांना ओळखपत्र मिळते, पण मासळी किनाऱ्याला लागल्यावर निवडणे, बर्फात घालणे, बोंबील वलांडीवर वाळत घालणे, भाव ठरवणे आणि घराचा पैसा सांभाळणे ही सगळी कामे करणारी बाई सरकारी नोंदीत बहुधा ‘गृहिणी’ असते. शिवणकाम वाईट आहे असे माझे म्हणणे नाही. परंतु जिच्या हातात पिढ्यान्‌पिढ्यांचा चालता धंदा आहे तिला दुसरा धंदा शिकवण्याआधी तिचा आहे तो धंदा तिच्या नावावर लिहून घेणे, हेच मला सक्षमीकरणाचे पहिले काम वाटते.

हे आता शक्य आहे. ऑगस्ट २०२१ पासून सुरू असलेल्या ई-श्रम पोर्टलवर १६ ते ५९ वयाच्या असंघटित कामगारांची नोंद होते आणि तीत मच्छीमार व विक्रेत्या येतात. सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या राष्ट्रीय मत्स्यव्यवसाय डिजिटल मंचावर मासळी विकणारी व्यक्तीही स्वतंत्रपणे नोंदणी करू शकते. रस्त्यावर किंवा फिरून विक्री करणाऱ्यांसाठी २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे. त्याखाली होणाऱ्या सर्वेक्षणात नाव लागले तर विक्री प्रमाणपत्र मिळते, आणि नगर पथविक्रेता समितीवरील विक्रेत्यांच्या प्रतिनिधींत किमान एक तृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात. जून २०२० च्या पंतप्रधान स्वनिधी योजनेत पहिले दहा हजारांचे कर्ज मिळाले तेही याच नोंदींच्या आधारावर. किसान क्रेडिट कार्ड २०१८-१९ पासून मत्स्यव्यवसायाला लागू आहे, आणि प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत इतरांना प्रकल्पखर्चाच्या ४० टक्के साहाय्य मिळते तेथे स्त्रियांना ६० टक्के मिळते. यांतील कोणताही अर्ज नवऱ्याच्या किंवा मुलाच्या नावाने करू नये, आणि त्यावर मोबाइल क्रमांकही आपलाच द्यावा. पैसे आल्याचा संदेश दुसऱ्याच्या फोनवर गेला की तो पैसा आपला राहत नाही, हे अनेक जणींनी अनुभवले आहे.

नोंदीने काय घडते याचे एक उदाहरण देतो. क्यार आणि महा या वादळांमुळे नुकसान झालेल्या मच्छीमारांसाठी राज्य शासनाने ऑगस्ट २०२० मध्ये विशेष मदत जाहीर केली, तेव्हा होडीधारक आणि किनाऱ्यावरून जाळे ओढणाऱ्या रापणकरांबरोबर मासळीविक्रेत्या स्त्रियांसाठीही शीतपेट्यांची तरतूद झाली. मदत मोठी नव्हती. पण विक्रेती हा मदतीस पात्र असा वेगळा घटक आहे हे शासनाने लेखी मान्य केले, आणि पुढच्या मागणीला तेथून आधार मिळतो.

आणखी एक गोष्ट, बँकेविषयी. एप्रिल ते जून २०२० या तीन महिन्यांत स्त्रियांच्या जनधन खात्यांत दरमहा पाचशे रुपये जमा झाले. बँकेची शाखा खाडीपलीकडे असेल आणि खाडी ओलांडणारी होडी बंद असेल, तर खात्यातला पैसा हातात येत नाही. म्हणून गावातच पैसे काढून देणारी बँक सखी किंवा बँक मित्र असावी आणि ती शक्यतो बचत गटातलीच बाई असावी, असा आग्रह धरावा.

प्रश्न : बेटांवरील स्त्रियांविषयी लिहिताना फिजी, व्हानुआतू अशा दूरच्या देशांचे दाखले नेहमी दिले जातात. त्यांची परिस्थिती आणि आपली परिस्थिती यांचा काय संबंध? — एक वाचक, दादर

उत्तर : आकाराने आणि अंतराने संबंध नाही, कामाच्या स्वरूपाने मात्र फार जवळचा आहे. फिजीतील भाजी-मासळीच्या बाजारांत बसणाऱ्या विक्रेत्यांत स्त्रियाच बहुसंख्य आहेत. तेथे पहिला रुग्ण १९ मार्च २०२० रोजी लौटोका शहरात सापडला, दुसऱ्याच दिवशी ते शहर बंद झाले आणि गावाकडून माल घेऊन येणाऱ्या बायका बाहेर राहिल्या. आपल्याकडच्याच तक्रारीसारखी ही तक्रार आहे. फरक इतका की फिजी, सॉलोमन बेटे आणि व्हानुआतू येथे २०१४ पासून संयुक्त राष्ट्रांच्या महिला विभागाचा ‘मार्केट्स फॉर चेंज’ हा उपक्रम चालू होता, त्यातून बाजारांत विक्रेत्यांच्या संघटना उभ्या राहिल्या होत्या आणि त्यांच्या नेतृत्वात स्त्रिया आल्या होत्या. राकीराकीसारख्या ठिकाणी पूर्वी दूरच्या गावांतून आलेल्या बायका बाजारातल्या मेजांखाली रात्र काढत, तेथे त्यांच्यासाठी राहण्याची सोय बांधली गेली. संकट आले तेव्हा बाजार सुरक्षितपणे कसा चालवायचा हे बोलायला अधिकाऱ्यांसमोर कोणीतरी आधीच निवडलेले होते. आपल्या बाजारांत ओटा, पाणी, शौचालय आणि रात्रीचा निवारा यांसाठी कोळणी कित्येक वर्षे भांडत आहेत. ही मागणी केवळ सोयीची नाही, तीच साथीतल्या बचावाची पूर्वतयारी आहे.

व्हानुआतूचा दाखला मला अधिक मोलाचा वाटतो. एप्रिल २०२० मध्ये त्या देशात कोविडचा एकही रुग्ण नव्हता, तरी सीमा बंद होत्या, आणि त्याच वेळी हॅरल्ड हे पाचव्या श्रेणीचे चक्रीवादळ एस्पिरितू सान्तो बेटावर आदळले. बाहेरून मदतनीस येऊ शकत नव्हते आणि मदतीचा मालसुद्धा काही दिवस विलगीकरणात ठेवावा लागला. अशा वेळी स्थानिक स्त्रियांनी आधीपासून बांधलेले, मोबाइल संदेशांवर चालणारे हवामान-सूचनेचे जाळे उपयोगी पडले, कारण कोणत्या वस्तीत गरोदर बाई आहे, कोणत्या घरी अंथरुणाला खिळलेले माणूस आहे, हे त्यांनाच ठाऊक होते. आपल्याकडे ३ जून २०२० रोजी अलिबागजवळ निसर्ग वादळ धडकले आणि पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते मुंबईजवळून गेले, दोन्ही वेळा साथ चालूच होती. निवाऱ्याच्या जागी अंतर राखून माणसे ठेवायची, त्यांत बाळंतिणीची आणि किशोरवयीन मुलींची वेगळी सोय करायची, हे ठरवणाऱ्या गावसमितीत बायका किती होत्या, हा प्रश्न आपण आपापल्या गावात विचारून पाहावा.

प्रश्न : आमचा विद्यार्थिनींचा गट घारापुरीच्या मुलींसाठी काही करू इच्छितो. मुलींच्या शिक्षणावर साथीचा परिणाम सर्वांत जास्त झाला असे वाचले. आम्ही कोठून सुरुवात करावी? — एक विद्यार्थिनी, कुलाबा

उत्तर : घारापुरी गेटवेपासून अवघ्या दहा-अकरा किलोमीटरांवर असली तरी प्रशासकीय दृष्ट्या रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यात येते, म्हणून आपले पत्रव्यवहार मुंबईच्या कार्यालयांशी न करता तिकडे करावे लागतील. शेतबंदर, मोराबंदर आणि राजबंदर या तिन्ही वस्त्यांत समुद्राखालच्या केबलमधून कायमची वीज आली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये. त्यानंतर जेमतेम दोन वर्षांनी, १७ मार्च २०२० पासून, देशातील सर्व संरक्षित स्मारकांबरोबर लेणी बंद झाली. पर्यटकांना माळा, दागिने, सरबत, जेवण विकून चालणारी घरे एका दिवसात मिळकतीवाचून राहिली. घरात एकच फोन असेल तर ऑनलाइन वर्गासाठी तो बहुधा मुलाच्या हाती जातो, आणि मुलगी पाणी भरणे, धाकट्यांना सांभाळणे यांत दिवस घालवते. हे चित्र केवळ बेटांचे नाही, पण बेटावर शेजारच्या गावी मैत्रिणीकडे जाऊन अभ्यास करण्याचीही वाट नसते.

म्हणून सुरुवात फोन वाटण्यापासून करू नये असे मी सुचवतो. जुलै २०२० मध्ये सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली, तेव्हा दूरदर्शन संच असलेल्या घरांत इंटरनेटवाचून शिक्षण पोचले. वस्तीतील एका घरात, एका मोठ्या मुलीच्या देखरेखीखाली, ठरलेल्या वेळी मुली एकत्र बसतील अशी अभ्यासिका आपण आताच उभी करावी. त्या मोठ्या मुलीला मानधन द्यावे, कारण हे काम आहे आणि कामाला मोल असते हे तिच्या घरालाही दिसले पाहिजे.

दुसरी गोष्ट आरोग्याची. टाळेबंदीच्या पहिल्या दिवसांत सॅनिटरी नॅपकिन अत्यावश्यक वस्तूंत धरले जातात की नाही हेच स्पष्ट नव्हते. २९ मार्च २०२० रोजी केंद्राने ते स्पष्ट केले. जेथे दुकानाचा माल लाँचमधून येतो तेथे अशा चार दिवसांच्या अनिश्चिततेचे पंधरा दिवस होतात. तीन महिन्यांचा साठा वस्तीतच, अंगणवाडी किंवा आशाताईंकडे ठेवण्याची व्यवस्था करणे फार खर्चाचे नाही.

तिसरी गोष्ट नाजूक आहे. मिळकत थांबली आणि शाळा बंद झाली की अठरा वर्षांआधी मुलीचे लग्न उरकण्याकडे कल वाढतो, आणि टाळेबंदीत मोजक्या माणसांत, कमी खर्चात लग्न होत असल्यामुळे तो मोह आणखी वाढला. २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्यानुसार न्यायालय असे लग्न होण्याआधीच मनाई हुकूम देऊ शकते. महाराष्ट्रातील गावांत ग्रामसेवक, ज्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, हे बालविवाह प्रतिबंध अधिकारी असतात, आणि मुलांच्या मदतवाहिनीचा १०९८ हा क्रमांक मुलीने स्वतः लावला तरी चालतो. आपल्या गटाने हे मुलींना पाठ करून दिले तर तेवढेही मोठे काम होईल. आई-वडिलांना दोषी धरून मात्र बोलू नका. त्यांच्याशी मुलीच्या पुढील शिक्षणाचा खर्च, लाँचचा पास आणि उरणला किंवा मुंबईत वसतिगृह यांबद्दल बोला.

प्रश्न : टाळेबंदीत शेजारच्या घरातील मारहाणीचे आवाज रोज ऐकू येत होते. ती स्वतः तक्रार करायला तयार नव्हती. अशा वेळी शेजाऱ्याने काय करावे? — एक गृहस्थ, वेसावे

उत्तर : कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचे संरक्षण करणाऱ्या २००५ च्या कायद्यानुसार, असा प्रकार घडत असल्याचे ज्याला सद्भावनेने वाटते ती कोणतीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्याला माहिती देऊ शकते, आणि त्याबद्दल तिच्यावर कारवाई होत नाही. जीव धोक्यात असेल तर ११२, मुंबईत १०३, आणि सल्ल्यासाठी १८१. फोन तिच्यासमोर करू नका, तिच्या नवऱ्याला धमकावू नका. त्याचा राग तिच्यावर निघतो. तिला दवाखान्याची वाट दाखवा. वांद्र्याच्या के. बी. भाभा रुग्णालयात हिंसाचार सोसणाऱ्या स्त्रियांना समुपदेशन व मदत देण्यासाठी २००० साली सुरू झालेल्या ‘दिलासा’ केंद्रातून महापालिकेच्या इतर रुग्णालयांतही ही सेवा पोचली आहे, आणि संचारबंदीतही आजारपणाचे कारण सांगून बाई घराबाहेर पडू शकते.

हा प्रश्न बंदिस्त जागांत किती वाढतो हे फिजीतील आकड्यांवरून दिसते. तेथील राष्ट्रीय मदतवाहिनीवर फेब्रुवारी २०२० मध्ये ८७, मार्चमध्ये १८७ आणि एप्रिलमध्ये ५०० हून अधिक फोन आले. ज्या बेटावरून शेवटची होडी संध्याकाळी सुटते तेथे रात्री मार खाणारी बाई माहेरीही जाऊ शकत नाही, म्हणून वस्तीतच एक-दोन घरे अशा रात्रीसाठी दार उघडे ठेवतील हे बायकांनी आपसांत आधी ठरवून ठेवावे.

प्रश्न : आमच्या बचत गटात चौदा जणी आहेत. या सगळ्यांतले पहिले काय करावे? — अध्यक्षा, महिला बचत गट, मढ

उत्तर : १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात ताज्या मासळीची धावपळ कमी असते, तेव्हा चौदा जणींची ई-श्रम आणि मत्स्यव्यवसाय मंचावरील नोंदणी एकाच आठवड्यात उरकून घ्या, सर्व कागदांच्या प्रती एका प्लास्टिकच्या पिशवीत गटाच्या पेटीत ठेवा. मग मत्स्यव्यवसाय सहआयुक्तांच्या कार्यालयाकडे आणि प्रभाग कार्यालयाकडे गटाच्या नावाने एक लेखी अर्ज द्या, की यापुढे साथ किंवा वादळामुळे वाहतूक बंद झाल्यास वर्सोवा-मढ फेरीबोट आणि मासळीची वाहने यांवरील पासांच्या यादीत नोंदणीकृत विक्रेत्या स्त्रियांचा समावेश करावा. अर्जाची पोचपावती शिक्क्यासह घ्या.