आधी शिष्यवृत्तीची तारीख बघ, मग प्रवेशाची

पुढच्या सप्टेंबरात इंग्लंडला जायचं म्हणतोस ना, मग कामाला आत्ताच लाग. बरेच जण प्रवेश मिळाल्यावर शिष्यवृत्ती शोधायला बसतात, तोवर तारखा उलटून गेलेल्या असतात. ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीचे अर्ज ऑगस्टमध्ये सुरू होतात आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास बंद होतात, म्हणजे कोर्सच्या जवळपास वर्षभर आधी. तिथे २,८०० तासांचा कामाचा अनुभवही लागतो, तो आजच मोजून घे. केंब्रिजच्या गेट्स शिष्यवृत्तीची मुदत विषयाप्रमाणे डिसेंबर किंवा जानेवारीच्या सुरुवातीला संपते.

खरा वेळ खातात ते ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या सेमिस्टरच्या गुणांचे विद्यापीठाकडून मिळणारे अधिकृत उतारे. माझ्या तिसऱ्या सेमिस्टरच्या मार्कशीटवर वडिलांच्या नावात एक अक्षर जास्त पडलं होतं. दुरुस्तीचा अर्ज, चलन, शिक्का, परत रांग. पाच आठवडे गेले आणि एक अर्ज हुकला, त्याची हळहळ अजून आहे. म्हणून आज रात्रीच सगळ्या मार्कशीट काढ आणि पासपोर्ट शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून बघ.

शिफारसपत्रासाठी सरांना गणपतीच्या आधीच भेट. दिवाळीत ते गावी गेले की फोन लागत नाही. जाताना तुझ्या प्रोजेक्टची एक पानी माहिती दे, पत्र नेमकं उतरतं.

आणि मुदतीची वेळ नीट वाच. ‘१२ यूटीसी’ (यूटीसी ही जागतिक प्रमाणवेळ) म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे साडेपाच, मध्यरात्र नव्हे. मी तर अर्ज चार दिवस आधीच पाठवून मोकळा होतो.