ठराव होतात, काम होत नाही: आधी प्रोसिडिंग उघडून बघा

तुम्ही लिहिलंय की ग्रामसभेत दर वेळी तेच तीन विषय निघतात: फाट्यापासून गावापर्यंतचा उखडलेला रस्ता, बंद पथदिवे आणि गळकी टाकी. ठराव मंजूर होतो आणि पुढं काही हलत नाही. मला आधी एवढंच सांगा, प्रोसिडिंगमधला, म्हणजे सभेच्या इतिवृत्ताच्या वहीतला, तो ठराव तुम्ही स्वतः वाचलाय का? बहुतेक ठिकाणी तिथं असं काहीतरी सापडतं: "रस्ते, लाईट व पाणी या समस्यांवर सविस्तर चर्चा होऊन योग्य ती कार्यवाही करणेचे सर्वानुमते ठरले." कार्यवाही कुणी करायची, कुठल्या रस्त्याची, कधीपर्यंत? असा ठराव पंचायत समितीत पोचला तरी त्यावर करण्यासारखं कुणालाच काही नसतं. आणि बऱ्याचदा तो वहीच्या बाहेर पडतच नाही.

तिन्ही विषयांचे मालक वेगळे आहेत, म्हणून ठरावही तीन हवेत.

खरा घोळ रस्त्यात असतो. साधारणपणे ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेकडे, तर प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात. तालुक्याला बांधकाम उपविभागात जाऊन तुमच्या रस्त्याचा क्रमांक विचारा. क्रमांकच पडलेला नसेल तर दुरुस्तीला निधी कुठून येणार? मग पहिली मागणी क्रमांकाची करायची. रस्ता पंतप्रधान ग्रामसडक योजनेतला असेल तर कडेला फलक असतो. झुडपात गेला असेल, कुणी त्यावर पोस्टर चिकटवलं असेल, पण शोधा. ठेकेदाराचं नाव, खर्च आणि काम पूर्ण झाल्याची तारीख त्यावर मिळते. या योजनेत काम झाल्यावर पुढची ५ वर्षं देखभाल त्याच ठेकेदाराकडे असते. मुदत चालू असताना गाव "नवीन रस्ता द्या" म्हणत बसलं तर तो आयताच सुटतो. अशा वेळी ठराव साधारण असा लिहून घ्या:

"अमुक फाटा ते अमुक गाव, रस्ता क्रमांक अमुक, यावरील शाळा ते ओढा या भागातील डांबरीकरण उखडले आहे. देखभालीची मुदत अमुक तारखेपर्यंत असल्याने संबंधित ठेकेदाराकडून दुरुस्ती करून घ्यावी, असे पत्र कार्यकारी अभियंता यांना सात दिवसांत पाठवावे व त्याची पोच पुढील ग्रामसभेत वाचून दाखवावी."

खाली सूचक आणि अनुमोदकाची नावं. शेवटचं वाक्य सोडू नका, कारण त्या पोचेपायीच पत्र जातं.

(शेताकडं जाणारी पाणंद कुणी अडवली असेल तर तो विषय यात घुसडू नका. ते तहसीलदारांचं काम आहे, मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६, कलम ५. ग्रामसभेत त्यावर फक्त भांडणं होतात.)

दिव्यांचं सोपं आहे. दिवा ग्रामपंचायतीचा, खांब, तारा आणि पुरवठा महावितरणचा. पण आधी पथदिव्यांचं बिल थकलंय का ते विचारा. सभेत तासभर आरडाओरडा होतो आणि मग कळतं, थकबाकीमुळं कनेक्शनच तोडलंय.

टाकी ग्रामपंचायतीच्या ताब्यात असेल तर "फंड नाही" हे उत्तर लगेच मान्य करू नका. १५ व्या वित्त आयोगाच्या निधीत २०२१-२२ पासून ६० टक्के हिस्सा पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित होता, म्हणजे तो दुसरीकडं वापरता येत नव्हता. त्यातलं किती खर्च झालं, किती शिल्लक राहिलं, ते सभेत आकड्यांनिशी मागा. काम वार्षिक आराखड्यात नसेल तर पैसे असूनही खर्च टाकता येत नाही, म्हणून आराखडा तयार होतानाच टाकीचं नाव त्यात गेलं पाहिजे. आराखडा आणि झालेले खर्च ई-ग्रामस्वराज पोर्टलवर कुणालाही बघता येतात. मोबाईलवर उघडून सभेला गेलात तर चर्चेचा सूर बदलतो.

विषय तोंडी मांडू नका. सभेची नोटीस निघण्याआधी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. नाहीतर तुमचा प्रश्न "आयत्या वेळचे विषय" मध्ये जातो आणि तोवर निम्मी माणसं उठलेली असतात. गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातली कमी असेल तेवढी माणसं लागतात. ती भरली नाही की सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. मग पाचपन्नास माणसांत सगळं उरकतं. म्हणून त्या दिवशी माणसं नेणं हेही तुमचंच काम समजा. पाण्याचा विषय आधीच्या महिला ग्रामसभेतही घ्या. कुठल्या गल्लीला किती वाजता किती हंडे मिळतात हे त्या जितकं नेमकं सांगतात, तितकं पुरुषांना माहीत नसतं.

सरपंचाला भर सभेत घेरण्यात मला कधीच अर्थ वाटला नाही. त्यातून गावकी-भावकी निघते आणि ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी) खाली मान घालून मोघम ठराव लिहून मोकळा होतो. त्याच्या शेजारी बसा, मजकूर तिथंच वाचून घ्या.

पत्र गेल्यावर जावक क्रमांक आणि समोरच्या कार्यालयाचा आवक शिक्का असलेली प्रत स्वतःजवळ ठेवा. महिनाभर उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारात १० रुपये भरून त्याच पत्राबद्दल विचारा: कुठल्या टेबलावर आहे, त्यावर काय टिपणी झाली, टिपणीची प्रत द्या. उत्तराची मुदत ३० दिवसांची. "काम का केलं नाही" असं विचारू नका, त्याला "हे 'माहिती'च्या व्याख्येत बसत नाही" असं छापील उत्तर येतं. लोकशाही दिनाला (अधिकारी लोकांच्या तक्रारी ऐकतात त्या दिवशी) हा प्रश्न नेण्याचा सल्ला वर कुणीतरी दिलाय, पण तिथं वैयक्तिक स्वरूपाच्या तक्रारी घेतात. गावाच्या रस्त्याचा अर्ज परत येण्याचीच शक्यता जास्त.

तूर्त फलक शोधा आणि त्यावरची तारीख इथं टाका. मुदत संपलेली असेल तर मजकूर बदलावा लागेल, तो मी लिहून देतो.